बाप फ्लफी होता, हे खरंच होतं

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण लोक हसणार हे माहितीये, पण ज्याने मला कुत्र्याचं पिल्लू विकताना गंडवलं, परवा आमच्याच सोसायटीतले एक काका त्याच माणसाकडे पिल्लाचा ॲडव्हान्स द्यायला निघाले होते म्हणून बसलो शेवटी.

बायकोला कॉर्गी हवा होता, आणि तोही फ्लफी. साधा कॉर्गी म्हणजे इंग्लंडच्या राणीकडे असायचे ते, आखूड पाय आणि अंगासरशी बसलेले दाट केस. फ्लफी म्हणजे तोच कुत्रा, पण कानांना, छातीला, मांड्यांच्या मागे लांब रेशमी झालर. रील्समध्ये बघून माणूस येडा होतो. जाहिरात होती 'फ्लफी लाईन पेंब्रोक, पुणे'. पेंब्रोक म्हणजे कॉर्गीचाच एक प्रकार, आणि लाईन म्हणजे वंश. साधं पिल्लू 85 हजार, फ्लफी लाईनचं सव्वा लाख, म्हणजे 40 हजार नुसत्या केसांचे. आई म्हणाली एवढ्यात दुभती म्हैस आली असती. ऐकायला हवं होतं.

मी अगदीच बावळट नव्हतो हां, पिल्लाचे आईबाप दाखवा म्हटलं होतं. तर विकणारा म्हणे आई शेडवर आहे, बाळंतीण आहे, बाहेरच्या माणसाने इन्फेक्शन होतं. बाप मात्र तो चक्क गाडीत घालून घेऊन आला, चांदणी चौकाच्या अलीकडे सर्व्हिस रोडला भेटलो, आणि बाप खरंच फ्लफी, मी स्वतः हात घालून बघितला, बोटं बुडत होती केसांत. पिल्लाचे केस मात्र आखूड. विचारलं तर म्हणतो, "सर, हा बेबी कोट आहे, सहा महिन्यांत झडतो आणि मग बापासारखा येतो, बाप तर उभाय ना तुमच्यासमोर." आता बाप समोर उभा असताना माणूस अजून काय विचारणार? निम्मे ऑनलाईन, निम्मे कॅश दिले आणि गुंड्याला घेऊन घरी आलो.

सहा महिने झाले, काही नाही. फोन केला तर "थंडीत येईल सर". थंडी गेली. मग म्हणाला कोट खुलायला सालमन ऑइल लागतं, ते पण त्याच्याकडूनच, 1800 ची बाटली. तीन बाटल्या घेतल्या मी. तीन.

शेवटी लसीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंना विचारलं की याचे केस कधी वाढणार. त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, दहावीला मेंडेलचे वाटाणे होते ना तुम्हाला? कुत्र्यात एफजीएफ5 नावाचं एक जनुक असतं, केस ठरावीक लांबीचा झाला की आता वाढ थांबव असा निरोप द्यायचं त्याचं काम. ते बिघडलेलं असलं तर निरोप जात नाही आणि केस वाढत राहतो. 2006 साली हे ज्या संशोधनात सापडलं त्यात लांब आणि आखूड केसांचे कॉर्गीच तपासले होते. पण हा बिघाड अप्रभावी, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक, दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच पिल्लू फ्लफी. एकच आली तर केस आखूडच, बिघाड फक्त आत लपून पुढच्या पिढीत जातो. बाप फ्लफी म्हणजे त्याच्या दोन्ही बिघडलेल्या, त्यामुळे गुंड्याला एक मिळाली हे नक्की, पण आईने चांगली दिली. विषय संपला. गर्भातच संपला होता, माझ्या सालमन ऑइलच्या कितीतरी आधी. आणि दोन महिन्यांच्या पिल्लात कानामागे आणि पायांवर बघून जाणकाराला आरामात कळतं म्हणे, म्हणजे गाडीतून उतरवतानाच त्या माणसाला माहिती होतं. बेबी कोट झडतो हे खरं, पण त्यानंतर जो येतो तो ज्याचा त्याचा.

वरून कळलं की कुत्र्यांच्या शोवाल्यांच्या लेखी फ्लफी हा दोष आहे, अमेरिकन केनेल क्लब म्हणून कुत्र्यांच्या जातींची संस्था आहे, तिच्या नियमात तर गंभीर दोषांच्या यादीत. तब्येतीला काही होत नाही, नुसतं विंचरणं वाढतं. म्हणजे ज्याच्यावर शोमध्ये फुली बसते त्याचे मी 40 हजार जास्त दिले आणि तेही मिळालं नाही.

भांडायला फोन केला तर पठ्ठ्या काय म्हणतो, "सर टेन्शन नका घेऊ, त्याच लाईनची फीमेल, याचीच बहीण, देतो लाखात, जोडी लावा, सगळी पिल्लं फ्लफी, गॅरंटी." खोटं कशाला बोलू, एक संध्याकाळ मी हिशोब करत बसलो होतो. पण दोघंही नुसतेच वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेले, असतील तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता, आणि पाच पिल्लांत एकही फ्लफी न निघणं सहज होऊ शकतं. बाई त्याहून भडकल्या ते बहीणभावाच्या जोडीवर, कारण असे लपलेले बिघाड केसांचेच नसतात, पेंब्रोकमध्ये म्हातारपणी मागचे पाय लुळे पाडणारा मायलोपथीचा आजार असतो त्याचंही असंच दोन प्रतींचं गणित आहे. मी त्याला म्हटलं, दोघांच्या गालातला स्वॅब घेऊन डीएनए रिपोर्ट दे, घेतो. तेव्हापासून मी ब्लॉक.

वकील मित्राला चॅट दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, यात तो सगळीकडे 'फ्लफी लाईन' लिहितोय, 'फ्लफी होणार' असं एकदाही नाही, ते सगळं फोनवर. पावती नाही, आणि कुत्रे विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, 2017 चा नियम आहे, ती तू मागितलीस का? नाही मागितली.

काकांना हे सगळं जिन्यातच सांगितलं. ते म्हणाले, "अरे पण मी बाप बघून आलोय, खरंच फ्लफी आहे." म्हटलं काका, वर चला, गुंड्या दाखवतो.