कमॅरोसाठी ‘कोरे’ रोटर: 1,385 डॉलरला गळ्यात मारलेलं भंगार

1,385 डॉलर. 1969 च्या शेव्हरोले कमॅरोला सी5 (पाचव्या पिढीच्या) कॉर्व्हेटचे पुढचे डिस्क ब्रेक बसवायचा किट, ‘सगळं कोरं’ असं लेखी कळवून विकलेला. रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या, निघाले जुने, लेथवर घासून वरून चंदेरी रंग मारलेले. बसवायची मजुरी 540 गेली. रोटर आणि त्यांना दाबून धरणारे पॅड पुन्हा घ्यावे लागले, 268. एकूण 2,193 डॉलर! विकणारा डेट्रॉइटच्या आसपास आजही बिनधास्त धंदा करतोय. ऑगस्टमधली वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे तिथली जुन्या गाड्यांची जत्रा, तोंडावर आली की घाईतली गिऱ्हाइकं त्याला आयती मिळतात.

किट घेण्यात काही वावगं नव्हतं. चाकाच्या पाच बोल्टांच्या वर्तुळाचा 4.75 इंची पॅटर्न दोन्ही गाड्यांचा एकच. रोटर 12.8 इंची, मूळच्या 11 इंचीपेक्षा चांगलाच मोठा. (14-15 इंची जुनी चाकं त्यावर बसत नाहीत, 17 इंची लागतात, तो खर्च आधीच धरा.) हब-ब्रॅकेट एका कंपनीचे, कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारा भाग) आणि रोटर दुसऱ्या कंपनीचे, असे किट जुळवूनच विकले जातात. मग रोटर साध्या खोक्यात आले म्हणून कोण संशय घेणार?

पण खूण डोळ्यासमोर होती, याचाच संताप येतो. कोऱ्या रोटरवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात तरी असतो, नाहीतर कारखान्याचं कोटिंग. इथे तेलाचा वासही नाही, आणि फडकं फिरवलं तर चंदेरी रंग फडक्याला. दोन तबकड्यांमधल्या हवेच्या खाचांत टॉर्च मारली तर आत तांबूस पापुद्रे. किमान जाडीचा आकडा असतो ती जागा ग्राइंडरने सपाट केलेली! रोज ब्रेकचंच काम करणाऱ्या मेकॅनिकच्याही हे लक्षात आलं नाही, तर गिऱ्हाइकाला काय बोलायचं?

ब्रेक दाबला की पेडल थरथरायचं, स्टिअरिंग हलायचं. जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला: नवा रोटर 32 मिमी, हे 30.1 आणि 30.3. डायल गेजवर डावा रोटर फिरताना 0.13 मिमी डुलत होता, 0.05 च्या आत हवा. मोजताना पाचही नट घट्ट करा आणि बेअरिंगचा खेळ आधी काढा, नाहीतर त्याचाच आकडा रोटरच्या नावावर चढतो. पातळ रोटर लवकर तापतो, कॅलिपरचा पिस्टनही जास्त बाहेर येतो.

विक्रेत्याचं उत्तर काय, तर ‘तुमचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) जुन्या ड्रम ब्रेकचा असेल’. ड्रमवाल्यात पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो राहिला तर पॅड घासत राहतात, हे खरं. पण मास्टर सिलिंडर आधीच बदललेला होता, बिलासकट. आणि सिलिंडरमुळे रोटरवरचा आकडा ग्राइंडरने कसा पुसला जातो, हे विक्रेत्याने सांगावं!

मग ‘माल मागवलाय, पुढच्या आठवड्यात’ हे सुरू. हा वेळकाढूपणा हिशेबाने चालतो. क्रेडिट कार्डाच्या बिलावर अमेरिकेच्या कायद्याने लेखी हरकत घ्यायची मुदत बिल पाठवल्यापासून 60 दिवस. ती उलटली, आणि कार्डवरचे 700 गेले. उरलेले 685 ‘कार्डाचे 3 टक्के वाचतील’ म्हणून थेट खात्यात घेतलेले. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. सबंध रक्कम कार्डनेच द्या, 3 टक्के गेले तरी चालतील.

पोलिसांनी ‘दिवाणी मामला’ म्हणून कागदही नीट वाचले नाहीत. राज्याच्या ग्राहक कार्यालयाने विक्रेत्याला एक पत्र धाडलं, त्याने उत्तर दिलं नाही, फाइल बंद. उत्तर न देणाऱ्याची फाइल बंद होते, हा कुठला न्याय? केंद्राच्या तक्रार संकेतस्थळाने क्रमांक दिला आणि वैयक्तिक प्रकरणं आम्ही सोडवत नाही असं कळवलं. महामार्गावर ब्रेक दगा देऊन कुणी मेलं, तर मग तरी हा फौजदारी मामला होणार का?

मजुरी ठरवण्याआधी रोटर समोर मापून घ्या, आकडा फोटोत दिसू द्या. ‘तपासायला परत पाठवा’ म्हणाला तर अजिबात पाठवू नका. हातात पुरावा तेवढाच असतो.