इलेक्ट्रिक किटली : वस्तू उत्तम, पुस्तिका मात्र बदलायलाच हवी

दिवाळीच्या सुमारास सोलापुरात नवी पेठेतून दीड लिटरची, १५०० वॅटची स्टीलची इलेक्ट्रिक किटली घेतली. हिवाळाभर रोज वापरली, आता उन्हाळा लागलाय. पहाटे सासऱ्यांना प्यायला गरम पाणी, दुपारी काळा चहा, कुणाचा घसा धरला तर गुळण्यांना पाणी. भरलेली किटली साधारण सहा मिनिटांत उकळते, म्हणजे एका वेळेला जेमतेम ०.१५ युनिट वीज. हँडल तापत नाही, गळती नाही. किटलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती सोबतच्या पुस्तिकेबद्दल. पाणी भरायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं, एवढंच काम. त्यासाठी २८ पानं, बारीक अक्षरात, इंग्रजी आणि हिंदीत. मराठी नाही. तेलुगू, कन्नडही नाही, आणि सोलापुरात तर या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. गरम पाण्याने भाजू शकतं, किटली खेळणं नाही, वायर धरून ओढू नका, अशा सूचना पानामागून पान. रोजचा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माझ्या सासूबाईंनी दोन पानं वाचली आणि पुस्तिका माझ्याकडे देत म्हणाल्या, "सूनबाई, तूच दाखव कशी लावायची ते."

खरा धोका असा की कामाच्या सूचना या गर्दीत हरवतात. "वापरताना झाकण बंद ठेवा" हे वाक्य मधल्याच एका पानावर, बाकीच्यांसारखंच छापलंय. कारण दिलेलं नाही. पाणी उकळलं की वाफ आतल्या फटीतून एका छोट्या पट्टीपर्यंत जाते. ही पट्टी दोन धातूंची असते. तापली की वाकते आणि बटण पडतं. झाकण उघडं राहिलं तर वाफ वरूनच निघून जाते, पट्टी पुरेशी तापत नाही आणि पाणी उकळतच राहतं. कोरड्या किटलीला बंद करणारी दुसरी सोय तळाशी असते, पण ती अडचणीच्या वेळेसाठी. रोज तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. हे एकदा समजावल्यापासून आमच्याकडे झाकण कुणीच विसरत नाही. कारण कळलं की माणूस लक्षात ठेवतो.

सॉकेटचंही तेच. "योग्य क्षमतेचे सॉकेट वापरावे" एवढंच लिहिलंय. योग्य म्हणजे कुठलं? २३० व्होल्टला १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. टीव्ही, मोबाइलचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. किटली १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायची, एक्स्टेंशन बोर्डाला नाही. दोन ओळींत सांगून झालं असतं.

कंपन्या एवढं लिहितात ते जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे इजा झाली तर उत्पादक जबाबदार धरला जातो. तरतूद चांगलीच आहे. पण उघड दिसणाऱ्या किंवा सगळ्यांना माहीत असलेल्या धोक्याची सूचना दिली नाही, तर त्यासाठी उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मग उकळतं पाणी गरम असतं हे सांगायला पान कशाला खर्ची घालायचं?

आणि सोलापूरकराला जे हवं, त्याला मिळाली आहे एकच ओळ : "आवश्यकतेनुसार क्षार काढावेत." आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत बोअरवर भागवावं लागतं. त्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो, मग पाणी उकळायला वेळ लागतो. उपाय सोपा आहे. किटली अर्धी भरायची, थंड पाण्यातच चमचाभर लिंबूसत्त्व घालायचं, उकळायचं, अर्धा तास तसंच ठेवून ओतून टाकायचं. थर सुटतो. मग साधं पाणी एकदा उकळून फेकायचं. लिंबूसत्त्व गरम पाण्यात टाकू नका, फेस उसळून वर येतो.

मी झाकण, सॉकेट, क्षार, किमान पाण्याची खूण आणि "दूध उकळू नये, तळाला करपतं" या पाच गोष्टी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ओट्याच्या वर चिकटवल्यात. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या मैत्रिणीने तेच तेलुगूत लिहून तिच्या आईकडे लावलंय. कंपनीलाही पत्र पाठवलंय : पहिल्या पानावर चित्रांसह या पाच सूचना कारणांसकट, स्थानिक भाषेत द्या.

घ्यायची असेल तर रुंद तोंडाची घ्या. हात आत गेला पाहिजे, आपल्या पाण्याला घासणं लागतंच.