निसर्ग शहरातूनच दिसायला हवा: सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, सॉल्ट लेक सिटी की होनोलुलू?

'निसर्गरम्य' म्हणून गाजलेल्या अमेरिकी शहरांपैकी बऱ्याच ठिकाणी निसर्ग बघायला गाडी काढून शहराबाहेर जावं लागतं. डेन्व्हरचंच घ्या. शहर सपाट माळावर, रॉकी पर्वत पश्चिमेच्या क्षितिजावर, आणि पायथा गाठायलाच वीसेक किलोमीटर. म्हणून डेन्व्हर इथे घेतलेलं नाही. नोकरीसाठी शहर निवडायचं असो की आईबाबांना कोणत्या महिन्यात बोलवायचं ते ठरवायचं असो, प्रश्न तीनच: देखावा शहरातून दिसतो का, वर्षातले किती महिने दिसतो, आणि गाडी नसेल तर काय?

पहिल्या प्रश्नावर सिअ‍ॅटल सगळ्यांच्या पुढे आहे. पश्चिमेला प्युजेट साउंडची खाडी आणि तिच्यापलीकडे ऑलिंपिक पर्वत. पूर्वेला लेक वॉशिंग्टन आणि त्यामागे कॅस्केड्स. आग्नेयेला ४,३९२ मीटर उंचीचा रेनिअर हा बर्फाच्छादित ज्वालामुखी. तो सुमारे ९५ किमी दूर आहे, पण शहर समुद्रकाठी असल्यामुळे त्याची जवळजवळ सगळी उंची नजरेत भरते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र सिअ‍ॅटल अडखळतं. इथला पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. त्रास पावसाचा नाही, मळभाचा आहे. नोव्हेंबर ते मार्च रेनिअर आठवडेच्या आठवडे दडून बसतो आणि डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. जुलै-ऑगस्ट कोरडे आणि लख्ख. जूनअखेर तर रात्री नऊनंतरही उजेड असतो. अलीकडे ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात वणव्यांचा धूर येऊ लागलाय, म्हणून तिकीट जुलैचं काढलेलं बरं.

गाडी नसेल तर बेनब्रिज बेटाची फेरी बोट धरा. पस्तीसेक मिनिटांचा प्रवास, आणि चालत जाणाऱ्यांना तिकीट फक्त सिअ‍ॅटलहून निघताना लागतं, परतीला नाही. जाताना समोर ऑलिंपिक, येताना शहर आणि कॅस्केड्स. सगळ्यांच्या फोटोतला देखावा केरी पार्कमधून दिसतो. तिथे संध्याकाळी जा. सकाळी ऊन रेनिअरच्या बाजूने येतं आणि डोंगर धुरकट दिसतो.

सॅन फ्रान्सिस्कोचं गणित नेमकं उलटं. इथे फसवतो तो उन्हाळाच. किनाऱ्याजवळ समुद्राचं खोल, थंड पाणी वर येतं आणि त्यावरची हवा गारठून धुकं तयार होतं. आतल्या सेंट्रल व्हॅलीत पारा पस्तिशीपार गेला की तिथली तापलेली हवा वर चढते आणि हे धुकं गोल्डन गेटच्या खिंडीतून आत ओढलं जातं. म्हणून जुलैत दुपारीसुद्धा तापमान विशीच्या आसपास, आणि १९३७ साली खुल्या झालेल्या गोल्डन गेट पुलाचे २२७ मीटरचे मनोरे कधी पूर्ण गायब, तर कधी नुसती टोकं वर. कॅलिफोर्नियाचा उन्हाळा म्हणून सुती कपडे घेऊन आलेली पाहुणेमंडळी पहिल्याच दिवशी स्वेटर विकत घेतात. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत स्वच्छ.

जुलैतच यावं लागलं तर धुकं विरण्याची वाट खाली बसून पाहू नका. हा थर बहुतेक वेळा उंचीला बेताचा असतो. गाडी असेल तर ७८४ मीटरच्या माउंट टॅमलपायसवर चढा. पायाखाली पांढरा समुद्र पसरलेला दिसेल, आपल्या सह्याद्रीत भल्या पहाटे दिसतो तसा. गाडी नसेल तर खाडीपलीकडच्या सॉसालिटो गावाची बोट. डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे तिथे बऱ्याचदा ऊन असतं. पुलापर्यंत २८ क्रमांकाची बस जाते. म्युअर वुड्सच्या रेडवूड जंगलात गाडी नेणार असाल तर पार्किंगचं आरक्षण आधीच लागतं. ते नसताना गेलात तर दारातून परत फिराल. आणि गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, काचा फोडण्याचे प्रकार इथे नेहमीचे.

बर्फ हवा असेल तर सॉल्ट लेक सिटी. शहर सुमारे १,२९० मीटरवर, आणि पूर्वेच्या टोकाला वस्ती संपते तिथेच वॉसॅच पर्वत उभा राहतो. एन्साइन पीकची चढण लहानशी आहे. वरून शहर, पर्वत आणि दूरवर खारं सरोवर असं सगळं दिसतं. दोष हिवाळ्यातला. खोऱ्यात गार हवा साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा व घरांचा धूर खालीच कोंडतो. दमा असलेल्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी टाळावं. कॉटनवूड दऱ्यांत वर गेलं की तेव्हाही निळं आकाश भेटतं. मोसमात तिथे स्की-बस जाते, पण हिमलोटाच्या धोक्यामुळे रस्ता अचानक बंदही होतो. या दऱ्यांतून शहराला पिण्याचं पाणी मिळतं, त्यामुळे तिथे पोहायला बंदी आणि कुत्र्यांनाही मज्जाव.

बारमाही देखावा द्यायला होनोलुलूच. पाऊस-सावलीचा खेळ महाबळेश्वर-वाईसारखा: ईशान्येचे वारे कोओलाऊ डोंगरावर पाऊस टाकून रिते होतात, वाइकीकी कोरडं राहतं आणि जवळच्याच मानोआ दरीत पाऊस. डायमंड हेड या टेकडीची वाट एका बाजूने १.३ किमी, शेवटी खड्या पायऱ्या. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी विचार करूनच निघावं. हवाईबाहेरच्या लोकांना आरक्षण सक्तीचं आहे. हनौमा बेचा समुद्रकिनारा सोमवारी आणि मंगळवारी बंद असतो. महागाई मात्र चौघांतही सर्वांत जास्त इथेच, म्हणून राहायला नव्हे, आठवड्याभरासाठी.

एक नाव सहसा कुणाच्या यादीत नसतं: पिट्सबर्ग. पेन हिल्सच्या बालाजीला जाऊन तसेच परतणारे पुष्कळ, पण अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला या नद्या एकत्र येऊन ओहायो होते तो संगम त्याच शहराच्या मधोमध आहे. १८७७ पासूनच्या डुकेन इन्क्लाइनच्या रुळांवरच्या डब्यातून माउंट वॉशिंग्टनवर जाता येतं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी वर पोचा. मावळतीचं ऊन थेट समोरच्या इमारतींवर पडतं.