युनिटी, अनरियल की गोडो: पहिला गेम कशात करावा?

गोव्यात फर्मागुडी असो, म्हापसा असो की वास्को, गेम बनवू पाहणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: सर, इंजिन (म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कुठलं घेऊ? आणि विचारतानाच त्यांचं अर्धं मत झालेलं असतं. युनिटी म्हणजे स्वस्तातले गेम. अनरियल दिसायला भारी, पण अडखळतं. गोडो हौशी लोकांसाठी. या तिन्ही मतांच्या मुळाशी काहीतरी खरं घडलेलं आहे, पण तेवढ्यावर वर्ष-दोन वर्षांची मेहनत लावू नये. माझं मत आधीच सांगून टाकतो. एकट्यानं किंवा दोघातिघांनी पहिला गेम करायचा असेल तर गोडो. पुढे स्टुडिओत नोकरी करायची असेल तर युनिटी. अनरियल तेव्हाच, जेव्हा दणकट मशीन आणि थ्रीडीचं पक्कं कारण दोन्ही हाताशी असेल.

युनिटीचं नाव कशानं खराब झालं ते आधी बघू, कारण त्यात युनिटीच्या कामगिरीचा संबंध फार थोडा आहे. फुकट आवृत्तीत गेम सुरू होताना युनिटीचा लोगो दाखवणं सक्तीचं होतं. पैसे भरणाऱ्यांना तो काढून टाकता यायचा. साहजिकच घाईत केलेल्या कच्च्या गेमवर लोगो दिसायचा आणि चांगल्या गेमवर बऱ्याचदा दिसायचा नाही. खेळणाऱ्यानं काय समजायचं? ‘होलो नाइट’, ‘कपहेड’, ‘पोकेमॉन गो’, ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हे सगळे युनिटीतले गेम आहेत, हे अनेकांना आजही माहीत नसतं. ऑक्टोबर 2024 मध्ये युनिटी 6 आली आणि फुकट आवृत्तीतही लोगो ऐच्छिक झाला.

खरा घाव बसला तो 12 सप्टेंबर 2023 रोजी. ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉल यांच्या पुढे गेलेल्या गेमकडून प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क घेणार, असं युनिटीनं जाहीर केलं. फुकट आवृत्तीवाल्यांसाठी हा दर 20 सेंट होता, आणि आधीच बाजारात असलेले गेमही त्यात येणार होते. जगभरातल्या विकसकांनी रान उठवलं. त्याच महिन्यात अटी सौम्य झाल्या, ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले आणि सप्टेंबर 2024 मध्ये गेमसाठीचं ते शुल्क पूर्ण रद्द झालं. फुकट वापराची वार्षिक मर्यादाही एक लाखावरून दोन लाख डॉलरवर गेली. आपल्यापैकी बहुतेकांची कमाई त्या मर्यादेच्या आसपासही जाणार नाही, त्यामुळे हिशेबापुरता हा विषय संपला. पण ज्यांचे गेम तयार होऊन विकलेही जात होते, त्यांच्यासाठी नियम मध्येच बदलू पाहणं मला आजही गैर वाटतं. इंजिन निवडताना ही गोष्ट विचारात घ्यायलाच हवी.

आता अनरियलच्या अडखळण्याबद्दल. याच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून जरा खोलात जाऊ.

सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावर 60 चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण 16.6 मिलिसेकंद मिळतात. पडद्यावरचा प्रत्येक पृष्ठभाग कसा दिसायचा हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे शेडर. तो तुमच्या ग्राफिक्स कार्डला आणि त्याच्या ड्रायव्हरला समजेल अशा रूपात कम्पाइल व्हावा लागतो. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं, त्यामुळे तिथे हे काम आधीच उरकून ठेवता येतं. पीसीवर शेकडो प्रकारची कार्डं. नवा स्फोट, नवा शत्रू, नवं पाणी पहिल्यांदा समोर आलं आणि त्याचं शेडर तयार नसलं, की ते त्याच क्षणी कम्पाइल होतं. त्यात 50 किंवा 100 मिलिसेकंद गेले तर तीन ते सहा फ्रेम गायब, आणि खेळणाऱ्याला झटका बसतो. अनरियलमध्ये मटेरियल (पृष्ठभागाचं रूप) बनवणं सोपं असल्यानं शेडरची संख्या भराभर वाढते, म्हणून हा त्रास तिथे ठळक दिसतो. अनरियल 5.1 पासून इंजिनात शेडर आधीच तयार ठेवण्याची सोय आली आणि पुढच्या आवृत्त्यांत ती सुधारत गेली. मोठ्या नकाशात पुढचा भाग लोड होताना बसणारा झटका हा वेगळा आजार आहे, त्याला या औषधाचा उपयोग नाही.

मग दोष इंजिनाचा की स्टुडिओचा? अनरियल बनवणाऱ्या एपिक कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी यांनी 2025 मध्ये सांगितलं की स्टुडिओ आधी महागड्या मशीनसाठी गेम बांधतात आणि साध्या मशीनवरची चाचणी शेवटाला ढकलतात, मूळ अडचण तिथे आहे. यात तथ्य आहे. ‘व्हॅलोरंट’ हा गेम अनरियलवरच चालतो, 2025 मध्ये तो अनरियल 5 वर गेला आणि साध्यासुध्या पीसीवरही पळतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) अनरियल 4 वर आहे, मोबाइलवर. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी’ अनरियल 4 मध्येच केला. पण सगळं खापर स्टुडिओवर फोडणंही मला पटत नाही. नॅनाइट (अतिबारीक तपशिलाच्या वस्तू दाखवणारं) आणि ल्यूमेन (प्रकाशाचा परिणाम दाखवणारं) ही अनरियल 5 ची वैशिष्ट्यं म्हणून जाहिरातीत झळकतात, नव्या प्रकल्पात ल्यूमेन आपसूक चालू असतं, आणि त्याचं ओझं काय हे शिकाऊ माणसाला फार उशिरा कळतं.

शिवाय मशीनचा प्रश्न आहेच. अनरियलवर कामासाठी एपिकची शिफारस 32 जीबी रॅमची आहे आणि इन्स्टॉलला कैक जीबी जागा जाते. सत्तरीत किंवा पेडण्यात, पावसाळ्यात लाईट ये-जा करत असताना एवढं डाउनलोड पूर्ण करणं सोपं नसतं. युनिटीलाही अँड्रॉइडच्या भागासकट काही जीबी लागतात. गोडोचं डाउनलोड शंभर एमबीच्या आतबाहेर, इन्स्टॉलची भानगड नाही, 8 जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर आरामात उघडतो.

गोडो मूळचा अर्जेंटिनाचा, हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर यांचा. 2014 पासून एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येईल असा, खुला आहे. शुल्क नाही, रॉयल्टी नाही, आणि हाती आलेल्या आवृत्तीचे हक्क नंतर कुणी काढून घेऊ शकत नाही. ‘ब्रोटाटो’ आणि ‘डोम कीपर’ गोडोतलेच. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर स्कूटर चढवायचा एक छोटा गेम मी प्रत्येक इंजिनात करून बघतो. गोडोत ‘कम्पॅटिबिलिटी’ हा रेंडरर (चित्र रंगवणारा भाग) निवडला की तो स्वस्त फोनवर सुरळीत चालतो. युनिटीतही चालतो, पण तिथे सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कचरा-संकलनाकडे, म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप मोकळी होण्याकडे, लक्ष ठेवावं लागतं. किती स्कूटर चढल्या हे दाखवायला दर फ्रेमला नवा मजकूर तयार केला, तर मेमरीत कचरा साठतो आणि तो साफ होताना गेम क्षणभर दचकतो. आकडा बदलेल तेव्हाच मजकूर बदला, दचका गेला. हे युनिटीचं अपयश नव्हे, पण माहीत असायला हवं. अनरियलमध्ये एवढ्याशा गेमची फाइलच गोडोच्या कित्येक पट मोठी होते.

आपल्यासाठी आणखी एक कसोटी महत्त्वाची, आणि परदेशी तुलनांमध्ये ती क्वचितच दिसते: देवनागरी. ‘शिगमो’ आणि ‘चतुर्थी’ हे दोन शब्द पडद्यावर आणून बघा. युनिटीत मजकूर दाखवायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये देवनागरी फॉन्ट घातला तरी ‘शि’ची वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘र्थी’चा रफार तयारच होत नाही, पाय मोडलेला र वेगळा उभा राहतो. मराठी असो वा कोंकणी, असा मजकूर कुणासमोर ठेवता येत नाही. युनिटी 6 मध्ये यूआय टूलकिटसाठी (बटणं, मेनू बनवायचं साधन) नवी मजकूर-व्यवस्था आली आहे, ती चालू केली तर अक्षरं जुळतात, पण बाजारातले बहुतेक तयार धडे जुन्या पद्धतीचे. अनरियलमध्ये आणि गोडो 4 मध्ये जोडाक्षरं मुळातच नीट बसतात. मुक्ता किंवा नोटो फॉन्ट जोडा आणि लिहायला लागा. मराठीत गेम करणाऱ्यासाठी माझ्या मते एवढं एक कारणही गोडोकडे वळायला पुरेसं आहे.

गोडोच्या उणिवाही कमी नाहीत. प्लेस्टेशन, स्विचसाठी थेट एक्स्पोर्ट मिळत नाही, कारण कन्सोलचा कोड खुल्या परवान्याखाली देता येत नाही; त्यासाठी बाहेरच्या कंपनीची मदत घ्यावी लागते. गोडो 4 मध्ये सी शार्प वापरलं तर गेम ब्राउझरसाठी काढता येत नाही. जाहिराती आणि अ‍ॅपमधली खरेदी यांचे प्लगइन बहुतेक स्वयंसेवकांच्या भरवशावर. विशाल थ्रीडी जग उभारायचं असेल तर अनरियलच्या जवळपासही तो येत नाही. आणि पुण्या-बंगळुरूच्या मोबाइल स्टुडिओत अर्ज करायचा, तर युनिटी आणि सी शार्प येत असल्याचा जास्त उपयोग होतो.

अनरियलच्या पैशांची भीती मात्र सोडा. एका गेमच्या पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत काहीच द्यावं लागत नाही, त्यापुढच्या रकमेवर 5 टक्के. 12 लाख कमावले तर वरच्या दोन लाखांचे 10 हजार डॉलर.

तुमचा गेम युनिटीत अर्ध्यावर आला असेल, तर 2023 च्या रागापायी किंवा हे वाचून तो सोडून गोडोत नव्यानं सुरू करू नका. ‘स्ले द स्पायर’च्या मंडळींनी दुसरा भाग गोडोत नेला खरा, पण त्यांच्या हाताशी आधीच्या यशाचा पैसा आणि वेळ होता. हातातला गेम आहे त्याच इंजिनात पूर्ण करा, घरातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइड फोनवर चालवून बघा, आणि पुढच्या गेमला गोडो उघडा.