गुरुत्वाने निचरा की पाण्याचा रेटा?

उतरत्या थरातल्या तेलसाठ्याचा दाब घटू लागला की दोन वाटा उरतात. एक, माथ्यावरची गॅस कॅप, म्हणजे तेलावर साचलेला गॅसचा थर, राखायची, लागल्यास तिथे गॅस सोडायचा आणि तेल स्वतःच्या वजनाने खालच्या विहिरींकडे निथळू द्यायचं. दुसरी, तळातून पाणी सोडून तेल वर रेटायचं.

निर्णय निचऱ्याच्या वेगावर ठरतो, म्हणून आधी हिशेब करा. पारगम्यता (खडकातून द्रव किती सहज वाहतो ते), तेल-गॅस घनतेतला फरक, गुरुत्वत्वरण आणि उताराच्या कोनाचा साइन यांचा गुणाकार, भागिले तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा. १ डार्सी पारगम्यतेचा खडक, २० अंश उतार, ६०० किलो प्रति घनमीटर फरक आणि १ सेंटिपॉइज श्यानता असेल, तर छेदाच्या दर चौरस मीटरमधून दिवसाला साधारण ०.१७ घनमीटर तेल निथळतं. खडक १०० मिलिडार्सीचा निघाला तर याचा दहावा हिस्सा. तेल २० सेंटिपॉइजचं असेल तर विसावा. हीसुद्धा कमाल मर्यादा झाली, कारण तेल कमी होत जातं तसा निचरा मंदावतो. यापेक्षा जोरात उपसा केलात तर गॅस तेलाला बगल देऊन थेट विहिरीत शिरतो. मग उपसा कमी करून थांबण्यावाचून इलाज नसतो, आणि विहिरीकडे ओढला गेलेला गॅसचा शंकू सावकाशच ओसरतो.

सबुरीचं फळ मात्र मोठं. टेक्सासमधल्या हॉकिन्स क्षेत्रात पाण्याने धुतलेल्या खडकात छिद्रांची सुमारे ३५ टक्के जागा व्यापणारं तेल अडकून राहिलं, तर गॅसखाली निथळलेल्या खडकात सुमारे १२ टक्के. पाणी तेलाचे थेंब छिद्रांत कोंडतं. गॅस आला की तेच तेल पाण्यावर पातळ थर होऊन पसरतं आणि ओघळत राहतं.

थर आडवा, पातळ किंवा कमी पारगम्य असेल, तर सरळ पाणी घ्या. परिणाम लवकर दिसतो, आणि कॉम्प्रेसरपेक्षा पंप सांभाळणं सोपं. पण समुद्राचं पाणी असेल तर त्यातलं सल्फेट थरातल्या बेरियमशी संयोग पावून विहिरीत कठीण क्षार जमवतं, आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यातला ऑक्सिजन काढणं तर आलंच.

भेगाळ चुनखडीत, खडक पाण्यापेक्षा तेलाला धरणारा असेल, तर पाणी भेगांतून निसटतं. तिथे गॅसच बरा. भेगांमधले ठोकळे मात्र उंच हवेत, नाहीतर केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांची द्रव धरून ठेवणारी ओढ, तेल सोडतच नाही.

निचरा निवडलात तर उभ्या दिशेतली पारगम्यता गाभ्याच्या, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या, नमुन्यांवर मोजा. हाताएवढ्या जाडीचा शेलचा, म्हणजे घट्ट चिकणमातीच्या खडकाचा, थर दूरवर सलग पसरलेला असला, तरी वरचं तेल तिथेच थबकतं. विहिरीचं पर्फोरेशन (तेल आत येण्यासाठी पाडलेली भोकं) गॅस-तेल सीमेपासून शक्य तितकं खाली ठेवा.

क्रमही महत्त्वाचा. पाण्यानंतर माथ्यावरून गॅस सोडला तर अडकलेलं तेल पुन्हा हलतं. उलट, गॅस कॅप आकसू दिली आणि तेल तिच्या कोरड्या खडकात चढलं, तर त्यातला बराच भाग कायमचा तिथेच राहतो. म्हणून पाणी सोडतानाही गॅस कॅपमधला गॅस घाईने विकायला काढू नका.