पिकअपमधला जीपीएस ट्रॅकर: नऊ महिने वापरल्यानंतर

निफाडहून वाशीच्या बाजारात भाजीपाला आणि हंगामात द्राक्षं नेणाऱ्या आमच्या दोन पिकअप आहेत. गाड्या रात्री निघतात आणि पहाटे पोचतात. पूर्वी मी रात्रीतून तीन-चारदा फोन करायचे. चालत्या गाडीत ड्रायव्हरला फोन उचलायला लावणं धोक्याचं आहे हे कळत होतं, पण काळजीपुढे इलाज नव्हता. शेवटी ऑक्टोबरमध्ये दोन्ही गाड्यांना ट्रॅकर बसवले. सार्वजनिक प्रवासी वाहनांना असं यंत्र सक्तीचं आहे, आम्ही गरजेपोटी घेतलं. दोन्ही ड्रायव्हरदादांना आधी सांगितलं, त्यांची हरकत नव्हती, मगच बसवलं.

पहिला महिना फार मनस्तापाचा गेला. नकाशावर गाडी हायवे सोडून ओझरजवळच्या मळ्यांतून चाललेली दिसायची. यंत्र परत करायला निघाले होते, तेवढ्यात गावातल्या वायरमनने डॅशबोर्ड उघडून दाखवला. फिटरने ट्रॅकर लोखंडी पट्टीच्या मागे, अँटेना खाली करून बांधला होता. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संकेत आपल्यापर्यंत येतो तेव्हा अतिशय क्षीण झालेला असतो, त्यात वर पत्रा आला की संपलंच. यंत्र पुढच्या काचेखाली, प्लास्टिकच्या आत, अँटेना आकाशाकडे करून बसवलं. दुसऱ्या दिवसापासून तीच गाडी रस्त्यावर दिसू लागली.

इग्निशनची वायरही जोडून घ्या. आमच्या एका गाडीत ती जोडलेलीच नव्हती. वाशीला शेडखाली उभी असलेली गाडी ॲपमध्ये इकडेतिकडे उड्या मारायची आणि न चाललेले किलोमीटर हिशेबात धरले जायचे. वायर जोडल्यावर इंजिन बंद असल्याचं यंत्राला कळतं आणि ते ठिकाण धरून ठेवतं.

दोन्ही ट्रॅकर एकसारखे नाहीत. उपग्रह एल-१, एल-५ अशा वेगवेगळ्या रेडिओ पट्ट्यांवर (बँडवर) संकेत पाठवतात. एक ट्रॅकर साधा, फक्त एल-१ वर चालणारा. दुसरा महाग, एल-१ आणि एल-५ दोन्ही बँड घेणारा. मोकळ्या हायवेवर मला फरक जाणवला नाही. ठाण्यापासून पुढे उंच इमारती सुरू झाल्या की जाणवतो. भिंतींवर आपटून उशिरा आलेल्या संकेतांमुळे साधा ट्रॅकर शेजारच्या रस्त्यावर सरकतो. एल-५ च्या संकेताची रचना अशी आहे की असा परावर्तित संकेत वेगळा ओळखणं सोपं जातं. महागाची गाडी क्वचितच रस्ता सोडते.

हा दुसरा ट्रॅकर ‘नाविक’चे, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या भारतीय यंत्रणेचे, उपग्रहही धरतो. ते सुमारे ३६,००० किलोमीटरवर, आपल्या भागाच्या आकाशात राहतील अशा कक्षांमध्ये आहेत. कसारा घाटात डोंगर बाजूचं आकाश झाकतो तेव्हा उंचावरच्या उपग्रहांचा आधार मिळतो. मात्र निव्वळ ‘नाविक’च्या भरवशावर राहू नका. त्याच्या जुन्या उपग्रहांमधली बरीच आण्विक घड्याळं बंद पडली आहेत आणि या कामात घड्याळच सगळं काही असतं, कारण संकेत यायला लागलेल्या वेळेवरूनच अंतर काढतात: एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. मे २०२३ मध्ये ‘नाविक’चा नवा उपग्रह एनव्हीएस-०१ भारतीय बनावटीचं रुबिडियमचं आण्विक घड्याळ घेऊन गेला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचला नाही, याची तेवढीच हळहळ वाटते.

फेब्रुवारीतली एक रात्र विसरता येत नाही. द्राक्षांची गाडी घाटाच्या तोंडाशी थबकलेली दिसली. पाच मिनिटं, दहा, वीस. फोन लागेना. मी मिस्टरांना उठवलं, मोटरसायकल काढायचीच बाकी होती. मग अचानक सगळे ठिपके एकदम आले आणि गाडी शहापूरच्या अलीकडे दिसली. गाडी थांबलेलीच नव्हती. ठिकाण यंत्राला पूर्ण वेळ कळत होतं, मोबाइलचं नेटवर्क नसल्यामुळे ते माझ्यापर्यंत येत नव्हतं. तेव्हापासून मी ॲपमध्ये दोन वेगवेगळ्या वेळा तपासते: ठिकाण नोंदल्याची आणि ते सर्व्हरला मिळाल्याची. दोन्हींत अंतर असेल तर दोष नेटवर्कचा. नोंद नियमित येते पण ठिकाणच नसतं, तर अँटेना तपासायची. खरेदी करताना नेटवर्क नसताना नोंदी साठवतो का आणि यंत्रातलं सिम दोन कंपन्यांचं नेटवर्क घेतं का, हे आवर्जून विचारा.

बोगद्यात मात्र महागाचाही उपयोग नाही. समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. आत शिरलेली गाडी थेट पलीकडेच उगवते. चाकांचा वेग आणि वळणं मोजून आतलं ठिकाण काढणारी यंत्रं असतात, आमचं तसं नाही.

पावसाने संकेताला काही झालं नाही. जुलैत एका कनेक्टरमध्ये पाणी गेलं, तेवढी टेप मारून घेतली.

एका ड्रायव्हरदादांच्या घरी मी लाइव्ह लिंक पाठवते. त्यांच्या बायकोने परवा सांगितलं, “वहिनी, भिवंडी ओलांडलेली दिसली की मी झोपते.” दिवाळीआधी तिसरी पिकअप येते आहे. तिला दोन बँडचाच ट्रॅकर घेणार, आणि तो कुठे बसवायचा ते फिटरला मी उभी राहून दाखवणार.