स्टार्टर किट घेतलं आणि तीन आठवड्यांत अर्धं फेकलं

मंडळी, आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू सापाचा नाही, सापाच्या घराचा आहे, आणि त्यातही ते घर गरम ठेवायच्या भानगडीचा. सापाला पाचपैकी पाच, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

आम्ही इंग्लंडात लीड्सला राहतो. लेक अकरा वर्षांची, दोन वर्षं कुत्र्यासाठी मागे लागली होती, घरमालक कुत्र्याला नाही म्हणाला आणि सापाला हो म्हणाला, का ते त्यालाच ठाऊक. तिनेच वाचून वाचून कॉर्न स्नेक नक्की केला. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, आपल्या धामणीच्या लांबच्या नात्यातला, इथे पाळायला लायसन्स लागत नाही. मोठा झाला की चार-पाच फूट, आणि नीट सांभाळला तर 15-20 वर्षं जगतो, म्हणजे लेक नोकरीला लागेल तरी हा आमच्याच घरी. पिल्लू आणलं तेव्हा पेन्सिलीएवढं जाड होतं, रंग केशरी, म्हणून नाव गाजर.

तर किट. ऑनलाइन घेतलं, दुकानाचं नाव घेत नाही, 140 पाउंड मोजले. खोक्यावर लिहिलेलं की सापासाठी लागणारं सगळं आत आहे. आत काय, तर दोन फुटी काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, एक हीट मॅट (पेटीच्या तळाखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई), मागच्या काचेला चिकटवायचं गोल काट्याचं थर्मामीटर, पाण्याचं भांडं, प्लास्टिकची एक गुहा, भुशाची पिशवी आणि एक प्लास्टिकचा वेल. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवलेल्या आकड्यावर धरून ठेवणारं यंत्र, नाही. मला तेव्हा तो लागतो हेच माहीत नव्हतं, मला वाटलं मॅट म्हणजे आपोआप हवी तेवढीच तापत असेल, कंपनीला कळतं ना. नाही तापत. मॅटला काही कळत नाही, प्लग लावला की ती तापत राहते, बस.

गाजर आला आणि पहिले चार दिवस पाण्याच्या भांड्यातच बसून. आम्ही म्हटलं वा, पोहायची आवड दिसतेय. काट्याचं थर्मामीटर 27 दाखवत होतं, सगळं छान. मग ऑफिसमधल्या एकाने त्याची टेंपरेचर गन दिली, ती लाल ठिपका मारून पृष्ठभागाचं तापमान सांगणारी, मी भुसा बाजूला करून मॅटच्या वरच्या काचेवर मारली तर 41. एकेचाळीस! आणि काटा तिकडे मजेत 27वर, कारण तो भिंतीवर अर्ध्या उंचीवर चिकटलेला, तिथली हवा मोजतोय, साप ज्यावर पोट टेकून झोपतो ते नाही. बिचारा पोहत नव्हता, भाजत होता म्हणून पाण्यात जाऊन बसला होता.

मी घाबरून प्लगच काढला. दिवसा लावायचा, रात्री काढायचा असं सुरू केलं, म्हणजे मीच थर्मोस्टॅट झालो. जानेवारी महिना, रात्री घराचं हीटिंग बंद, सकाळी पेटीत बघितलं तर 16. आणि त्याच आठवड्यात त्याला पहिला उंदीर दिलेला (फ्रोझन येतात, अगदी बारके गुलाबी, आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी डबा आहे, बायकोची अट होती की डब्याचं झाकण अपारदर्शक हवं). तिसऱ्या दिवशी तो उंदीर जसाच्या तसा बाहेर. वास विचारू नका. साप स्वतः ऊब तयार करू शकत नाही, पोटातलं पचवायला त्याला बाहेरून ऊब लागते, ती मिळाली नाही तर अन्न आतच सडायला लागतं आणि तो ओकून टाकतो. पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो, भुशातून चिमट्याने उचललं म्हणून लक्षात राहिलं.

त्या दिवशी पेटीचे फोटो घेऊन जवळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, स्टॅट कुठाय? इथे थर्मोस्टॅटला नुसतं स्टॅट म्हणतात. मग दोन आठवडे खायला काही देऊ नका, हात लावू नका, पोट सावरू दे, असं सांगून त्यांनी मला थर्मोस्टॅटचे प्रकार समजावले, आणि तेच मला इथे सांगायचंय कारण किटच्या खोक्यावर यातलं काही नव्हतं.

साधा ऑन-ऑफ असतो तो आपल्या इस्त्रीसारखा, तापलं की बंद, गार झालं की चालू. हीट मॅटला तो पुरतो, स्वस्तही असतो. पण दिव्याला लावला तर दिवा दिवसभर मिचमिच करतो, सापाला त्रास आणि बल्बही लवकर जातो. सिरॅमिक हीटर, म्हणजे उजेड न देता नुसती उष्णता देणारा बल्ब, त्याला पल्स प्रकारचा, म्हणजे वीज थोड्या थोड्या झटक्यांनी सोडणारा, चांगला. आणि हॅलोजन दिव्याला डिमिंगवाला, हा पंख्याच्या रेग्युलेटरसारखा, दिवा बंद न करता हळूहळू मंद-मोठा करत तापमान धरून ठेवतो. मी डिमिंगवाला घेतला, 50 पाउंडच्या आसपास, दिवस आणि रात्र वेगळं तापमान लावता येतं. सगळ्या सेटअपमधली सगळ्यात चांगली खरेदी हीच, आणि ती किटमध्ये नव्हती यातच काय ते आलं.

पेटीही बदलली. काच गारठते आणि वरच्या जाळीतून सगळी ऊब छताकडे जाते, या थंडीत तर विचारूच नका. चार फुटी लाकडी विव्हेरियम, म्हणजे असे प्राणी ठेवायची पेटी, घेतलं, पुढे सरकत्या काचा, सेकंड हँड मिळालं. एका टोकाला वर हॅलोजन, त्याला जाळीचा पिंजरा हवाच हवा, साप दिव्याला वेटोळं घालून बसतो आणि भाजेपर्यंत उठत नाही. त्या दिव्याखाली एक फरशी, तिच्यावर 30-31 अंश. दुसरं टोक 22-23. मधे तो हवं तसं सरकतो. रात्री दिवा बंद, आणि खोली फार गार झाली तर वेगळा सिरॅमिक त्याच्या स्वतःच्या स्टॅटवर, 20च्या खाली जाऊ देत नाही.

आणि लपायच्या जागा दोन, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. किटमध्ये एकच गुहा होती, ती मी गार बाजूला ठेवलेली. म्हणजे गाजरसमोर प्रश्न असा की लपून गारठू की उघड्यावर ऊब घेऊ. साप बहुतेक वेळा लपणंच निवडतो. हे मला त्या बाईंनी सांगितलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

एक चूक मात्र माझीच आणि ती कोणी करू नका. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे ती वायरच्या टोकाची तापमान मोजणारी काळी काडी, गाजर तिला सतत ढकलून द्यायचा. प्रोब गार बाजूला घसरला की स्टॅटला वाटतं अजून गारच आहे, तो दिवा पूर्ण ताकदीने चालू ठेवतो, म्हणजे स्टॅट असून परत 41ची तयारी. म्हणून मी सेलोटेपने चिकटवला. दुसऱ्या दिवशी साप टेपला चिकटलेला, मानेच्या खाली, आणि तो जितका वळतोय तितका टेप गुंडाळतोय. ओढला असता तर कातडी सोलली असती. बायकोने खोबरेल तेलाची बाटली आणली (थंडीने गोठलेली, आधी गरम पाण्यात धरली), कापसाने कडेकडेने तेल सोडत पाऊण तास बसलो, लेक रडतेय, शेवटी सुटला. एक-दोन खवले निघाले, पुढच्या कातीला भरून आले. आता प्रोब स्क्रूच्या क्लिपने लाकडात बसवलाय. पेटीच्या आत टेप नको म्हणजे नको.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आमचं आजोळ शिराळ्याचं, नागपंचमीला गाडग्यातले नाग मिरवणुकीत आम्ही लहानपणी बघितलेत, नंतर कोर्टाने ते बंद केलं. आई फरशीवर पसरलेल्या गाजरकडे बघत म्हणाली, "अरे, याला हीटर आणि मला म्हणतोस दोन स्वेटर घाल." बरोबर होतं तिचं, गेल्या डिसेंबरात आली तेव्हा असंच म्हणालो होतो. (भारतातल्या मंडळींसाठी, हे बघून घरात धामण आणू नका, आपल्याकडचे साप पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

विजेचं बिल विचारतात सगळे. 50 वॅटचा दिवा बारा तास म्हणजे 0.6 युनिट, आणि स्टॅट मंद करतो तेव्हा त्याहूनही कमी. आमच्याकडे युनिट साधारण 25 पेन्सला, म्हणजे दिवसाला 15 पेन्सच्या आत. सिरॅमिक फक्त कडक थंडीत लागतो.

किटला पाचपैकी एक, तोही पाण्याच्या भांड्यासाठी, ते जड आहे, उलटत नाही. हीट मॅटवर सध्या इडलीचं पीठ आंबवतोय, टॉवेल मधे घालून, फर्स्ट क्लास फुगतं. काचेची पेटी विकायला काढलीय, कोणी लीड्स-ब्रॅडफर्ड बाजूला असेल तर सांगा, स्वस्तात देतो, पण स्टॅट आहे का हे आधी विचारणार.